ज्याची गरज, त्याच्याच तोंडून

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "मावशी, बैठकीत सगळ्यांनी हो म्हटलं, मग सामायिक स्वयंपाकघरात जेवायला कोणी येत का नाही?" तुझा आवाज रडवेला झाला होता. फोन ठेवल्यावर मला झोप आली नाही. नऊ कुटुंबांनी मिळून जमीन घ्यायची, घरं आपापली पण विहीर, गोठा, कोठार आणि चूल सामायिक ठेवायची, हे कशासाठी ते तुला मी सांगायला नको. बैठक कशी चालली तेवढंच बोलते.

बाया काय म्हणाल्या असं मी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, त्याही होत्या. कुठं होत्या? दाराशी, भिंतीला टेकून, मांडीवर लेकरू घेऊन. आणि नवरे म्हणाले, "आमच्या घरचीचं काही म्हणणं नाही." तू वहीत लिहिलंस, सर्वानुमते मंजूर. बेटा, याला सहमती म्हणत नाहीत. ज्याची गरज, ती त्याच्याच तोंडून आली पाहिजे. बायकोची नवऱ्याच्या तोंडून चालत नाही, सुनेची सासूच्या तोंडून चालत नाही, आणि म्हाताऱ्या आईची मुलाच्या तोंडून तर मुळीच चालत नाही.

आईचं मी उगाच लिहिलं नाही. आमच्या वस्तीत सगळे संडास एका टोकाला बांधायचे ठरले. खर्च वाचत होता, पाण्याला एकच टाकी पुरत होती. एका घरातली म्हातारी गुडघ्यांनी अधू होती. मुलगा दर बैठकीत सांगायचा, "आईले काही अडचण नाही." त्याच्या मनात खोट नव्हती, त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हातारी मात्र दुपार कलली की पाणी प्यायची नाही, रात्री अंधारात तेवढं लांब जावं लागू नये म्हणून. आपल्याकडच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात! ती भोवळ येऊन पडली तेव्हा कुठं हे बाहेर आलं. मग घरामागे संडास झाला, पण तो तिला फार दिवस वापरायला मिळाला नाही. ही खंत माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून बैठकीत कोणी दुसऱ्याच्या वतीनं बोलायला लागलं की मी मध्येच थांबवते, "तुमचं सांगा." त्या मुलाला तो अपमान वाटला. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. जुने सोबती म्हणतात, हिनं बैठका लांबवल्या, साध्या साध्या गोष्टीचा कीस काढला. म्हणू देत. विहिरीवरच्या मोटारीची वेळ ठरवायला आम्हाला अख्खा उन्हाळा लागला, पण त्या मोटारीवरून नंतर भांडण झालं नाही. घाईत ठरलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा निघतात, त्यात जाणारा वेळ कोणी मोजत नाही आणि माझा तेवढा मोजतात.

तू मेंढा (लेखा) पाहून आलास. गडचिरोलीकडच्या धानोरा तालुक्यातल्या त्या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, बांबूवर हक्क आला, हे सगळं तू मला भरभरून सांगितलंस. पण गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबतीनं काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातली तुझ्या उपयोगाची गोष्ट तू तिथंच ठेवून आलास. तिथं अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात नुसतं बोलायचं, समजून घ्यायचं, ठरवायचं काहीच नाही. ठरतं ते ग्रामसभेत, तेही बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं. ठराव समोर ठेवला की माणूस स्वतःला काय लागतं ते सांगत नाही, कोणाच्या बाजूनं बसायचं ते बघतो. तू एकाच रात्री गरजही विचारलीस आणि हातही वर करायला लावलेस. विनोबांनी १९५९ मध्ये पवनारला ब्रह्मविद्या मंदिर हा बहिणींचा आश्रम सुरू केला, तिथंही बहिणी एकमतानंच ठरवत आल्या. सेलूहून पवनार किती लांब आहे? जाऊन बस एकदा त्यांच्याजवळ.

तू पाठवलेलं डेन्मार्कचं वाचलं. १९७२ मध्ये तिथं सत्तावीस कुटुंबांनी अशी पहिली वसाहत उभी केली. घरं स्वतंत्र, मध्ये सामायिक घर, जेवणाच्या पाळ्या, पाळीत पुरुषही. छान आहे. पण सगळ्यांना गोल बसवून एकेकाला बोलायला सांगितलं की झालं, असं समजू नकोस. आपल्याकडे सून सासूसमोर गोलात बसली तरी पदर सावरून गप्पच राहते. तिच्यापर्यंत आधी जावं लागतं.

आणि जायचं कधी? कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सांजेला वावरातून येते, चूल पेटवते, लेकरांना जेवू घालते. तू आठाला बैठक ठेवतोस आणि मला सांगतोस की ती बोलत नाही! बाजाराचा दिवस धर. त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते, बाया घरी सापडतात. एकटा जाऊ नकोस, बहिणीला सोबत ने. "तुम्हाला काय पाह्यजे?" असं विचारशील तर उत्तर ठरलेलं, "मले काही नाही लागत जी." त्यापेक्षा सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत कुठं कुठं अडतं ते विचार. मग बघ कशी बोलते. आमच्याकडे एकाला स्वतःची बोअर हवी होती, सगळे त्याच्यावर तुटून पडले. असं विचारल्यावर कळलं की मुलीची कॉलेजची बस सहाला आणि नळ येतो साडेसहाला. नळाची वेळ बदलली, बोअर कोणाच्या आठवणीतही राहिली नाही.

आता सगळ्यात अवघड जागा. घरी मोकळं बोललेली बाई म्हणेल, "भाऊ, बैठकीत तुम्हीच सांगून द्या." नाही सांगायचं. तू कितीही भला असलास तरी तूही दुसराच. ज्याची गरज, त्याच्याच तोंडून. तिला एकटीनं बोलवत नसेल तर आधी बायांची वेगळी बैठक घे, मग मोठ्या बैठकीत दोघी-तिघींना शेजारी बसू दे. सुरुवात नव्यानं आलेल्या घरापासून कर, जमीन ज्यांनी मिळवली त्यांना शेवटी बोलू दे. आणि एकीचं बोलणं संपेपर्यंत कोणी उत्तर द्यायचं नाही, तूसुद्धा.

स्वयंपाकघराबद्दल माझा एक अंदाज आहे, पण तो सांगितला तर मीही त्यांच्या वतीनंच बोलले. एवढं विचारून बघ, वेचणीची मजुरी किलोवर मिळते, मग जिची स्वयंपाकाची पाळी असते तिच्या त्या दिवसाचं काय होतं?

तो जुना ठराव आधी मागे घे. तुझ्या वडिलांना राग येईल, येऊ दे. आणि हे सगळं होळीच्या आत कर, नंतर लग्नसराईत तुला एकही घर पूर्ण सापडायचं नाही.

तुझी,
मावशी