पहिला छोटा धंदा सुरू करण्याआधी नेमकं काय शिकून घ्यावं?

कोर्सबिर्स नंतर बघ, आधी हिशोब शिक. १०० ला घेतलेली वस्तू १२५ ला विकली की आपण म्हणतो २५ टक्के सुटले, पण विक्रीवर धरलं तर ते २०च टक्के होतात, आणि त्यात कोणाला १० टक्के डिस्काउंट दिलंस की भाव येतो ११२.५० वर म्हणजे निम्मा नफा तिथेच गेला, भाडं, लाईटबिल, तुझा स्वतःचा पगार (हा तर सगळेच विसरतात) अजून धरलेलाच नाहीये. दुसरं म्हणजे उधारी. वहीत नफा दिसतो आणि सप्लायरला द्यायला खिशात पैसे नसतात, मी यातच अडकलो होतो. बँक खातं वेगळं ठेव. लोगो वगैरे राहू दे, आधी ओळखीबाहेरच्या ४-५ जणांना विकून बघ, नातेवाईक काय, छानच म्हणणार.