एसटीने अचानक ब्रेक मारला की आपल्याला पुढे नेमके कोण ढकलते?

आपला प्रश्न असा आहे की, धावत्या एसटीने ब्रेक मारल्यावर उभा प्रवासी पुढे फेकला जातो, तर त्याला पुढे ढकलणारे बल कोणते. माझे उत्तर असे की, असे बल तेथे नसतेच. पुढच्या वेळी उभ्याने प्रवास कराल तेव्हा वरचा दांडा धरलेल्या तळहाताकडे लक्ष द्या. ब्रेक लागताच दांडा हाताला मागे ओढतो, पुढे नाही. हात सुटला असेल, तर घर्षणामुळे फक्त तळपाय बसबरोबर मंदावतात आणि धड आधीच्याच वेगाने चालत राहते. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने पाहिले, तर आपला वेग वाढलेला नाही, बसचा वेग कमी झाला आहे.

आता थोडा हिशेब करू. बसचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, आहे आणि ती ४ सेकंदांत थांबली असे धरा. ६० किलो वस्तुमानाच्या प्रवाशाला तिच्याबरोबर थांबवण्यासाठी सरासरी १५० न्यूटन बल लागते, जे हाताला सहज पेलते. तोच प्रवासी धडकेत ०.१ सेकंदात थांबला, तर हेच बल ६,००० न्यूटन होते, म्हणजे सुमारे ६०० किलोच्या वजनाइतके. समोरची कांब धरून आपण सावरू, हा समज किती घातक आहे, हे या आकड्यांवरून कळावे.

गती टिकवायला सतत ढकलावे लागते, असे आपल्याला वाटते, कारण ढकलणे थांबवले की हातगाडी थांबते. ॲरिस्टॉटलचेही मत साधारण असेच होते. गॅलिलिओने उतारांवरून गोळे सोडून वेगळा विचार मांडला, आणि तो आपल्याला कॅरमवर तपासता येतो. पावडर न टाकता सोंगटी टिचकीने सोडा. ती वीतभर जाऊन थांबेल. पावडर टाका, आणि त्याच टिचकीने ती समोरच्या कडेवर आपटून परत येईल. टिचकी तीच, फक्त घर्षण घटले. ते पूर्ण नाहीसे झाले, तर सोंगटीला थांबण्याचे कारणच उरत नाही. १६८७ साली न्यूटनने पहिला नियम म्हणून मांडले ते हेच : गतीला कारण लागत नाही, गतीतील बदलाला लागते.

'जडत्व' या शब्दाने मात्र मराठी विद्यार्थ्यांची थोडी फसगत होते, असे मला नेहमी वाटते. 'जड' म्हटले की वजनदार आणि बसून राहणारे काहीतरी डोळ्यांसमोर येते, परंतु जडत्व हलक्या सोंगटीलाही असते, आणि ती धावत असतानाही असते. फक्त वस्तुमान जितके अधिक, तितका तिचा वेग बदलणे कठीण. स्ट्रायकर साधारण १५ ग्रॅमचा आणि सोंगटी ५ ग्रॅमच्या आसपास असते. टक्कर होताना दोघे एकमेकांवर सारखेच बल लावतात, तरी सोंगटीच्या वेगात होणारा बदल सुमारे तिप्पट असतो. ही दोन बले एकमेकांना रद्द करत नाहीत, कारण एक सोंगटीवर असते आणि दुसरे स्ट्रायकरवर.

बसमध्येही तेच घडते. दांडा आपल्याला जितक्या बलाने मागे ओढतो, तितक्याच बलाने आपण त्याला पुढे ओढतो, आणि गच्च भरलेल्या गाडीत वीस-पंचवीस प्रवाशांची ही ओढ दांड्याला छतावर धरून ठेवणाऱ्या मोजक्या बोल्टांवर एकदमच येते.