वाफसा येऊ दे

प्रिय सई,

काल आबांचा फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "इतके दिवस आबा आभाळाकडे डोळे लावून बसले होते, मग आता पाऊस पडला तर पेरायचं सोडून घरी का बसलेत? आणि मैत्रिणीशी झालेल्या माझ्या भांडणावर ते 'वाफसा येऊ दे' म्हणाले, तो वाफसा कुठून आला?" मी तेव्हा घाईत होतो, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

आपली परभणीकडची जमीन काळी, भारी. मोठा पाऊस झाला की मातीतल्या बारीक-बारीक पोकळ्या पाण्यानं गच्च भरतात, हवेला जागाच उरत नाही. बी पण श्वास घेतं बरं का. अशा चिखलात टाकलं तर कुजतं. वर ट्रॅक्टर घातला तर चाकाखाली माती दबते आणि ऊन पडलं की तिची विटेसारखी ढेकळं होतात. मग थांबायचं. जास्तीचं पाणी खाली उतरतं, पोकळ्यांत हवा शिरते आणि ओल मात्र टिकून राहते. हा झाला वाफसा.

आबा तो कसा बघतात, माहितीय? चार बोटं खोल माती उकरून मुठीत दाबतात आणि गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडून देतात. फुटून विखुरला तर चला पेरायला. थापीसारखा पडून राहिला, तर चप्पल झटकून घरी! गंमत म्हणजे एकाच रानात, एकाच पावसानंतर, माथ्यावर वाफसा आधी येतो आणि खोलगटात उशिरा. आबा दोन्हीकडची माती बघतात.

पण याला नुसतं सबुरीचं गाणं समजू नकोस. वाफसा येतो तसा जातोही. सोयाबीनचं बी जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटर खोल पेरतात. वरची ओल वाऱ्या-उन्हानं उडाली की ते उगवणार कसं? म्हणून एकदा घात, म्हणजे पेरणीची नेमकी वेळ, आली की आबांना जेवायलाही फुरसत नसते, भाकरी बांधावरच. कालपर्यंत ओट्यावर बसलेला माणूस तो हाच का, असं वाटतं.

आपल्याकडे पावसाच्या म्हणी पोत्यानं सापडतील. 'पडेल हस्त तर पिकेल मस्त' तू आजीकडून ऐकली असशील. निम्म्या म्हणी यमकासाठी जन्मल्यात, असं माझं मत. हस्ताचा पाऊस पडतो सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. रब्बीच्या ज्वारीला तो बरा, पण काढणीला आलेल्या सोयाबीनची तो पार वाट लावतो. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचं वाहनही छापलेलं असतं, म्हणजे बेडूक, म्हैस, कोल्हा वगैरे. ते सूर्य-चंद्राच्या नक्षत्रांची मोजणी करून काढतात, ढगांना त्याची खबर नसते. आबा हौसेनं वाचून दाखवतात, हसतात आणि पेरतात मात्र मूठ बघून. कृषी खातंही दरवर्षी बजावतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तरी पहिल्या सरीलाच पेरून पुढं दुबार पेरणीची पाळी आलेली माणसं गावात दर दोन-चार वर्षांनी दिसतात.

आता तुझं भांडण. तू काल लगेच तिच्या घरी जाऊन सोक्षमोक्ष लावणार होतीस. आबांना एवढंच म्हणायचं होतं की दोघी अजून चिखलात आहात, आत्ता बोललात तर ढेकळं होतील. तुझा राग आज उतरला असेल, तिचा उतरायचा असेल. तू माथ्यावरची, ती खोलगटातली. किंवा उलटंही असेल, ते तुम्हालाच ठाऊक.

एक गोष्ट आबा तुला सांगायची विसरले. खोलगटात पाणी तुंबलंच, तर नुसतं थांबून भागत नाही, चर खणून ते काढून द्यावं लागतं. तेव्हा पुढच्या आठवड्यातही ती बोलली नाही, तर मला सांग. मी तिच्या आईला फोन करतो.

तुझा,
बाबा