प्रश्नोत्तरे : गाळातले जड धातू

खाड्यांच्या तळाशी साचणारं शिसं, पारा, कॅडमियम यांवर मागे लिहिलं, तेव्हा वाटलं होतं पत्रं कोकणातून येतील. आली मराठवाड्यातून.

नांदेडहून एक वाचक : समुद्र आमच्यापासून शेकडो कोस. खाडीतल्या गाळाशी आमचं काय देणंघेणं?

तुमच्या घाटावरून जाणारी गोदावरी सुमारे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. जड धातू बहुतेक करून चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटून प्रवास करतात. गोडं पाणी खाऱ्याला मिळालं की हे कण एकमेकांना धरतात, त्यांच्या गाठी होतात आणि खाली बसतात. नदीमुखाशी धातू साचतात ते म्हणून. वाटेत धरण असलं, तर गाळाचा बराचसा वाटा तिथेच थांबतो.

पैठण तालुक्यातून एक शेतकरी : तलावातला गाळ ट्रॉलीने आणून रानात टाकला. तपासणीत तांबं आणि क्रोमियम ‘जास्त’ आलं. आता गाळ उचलून फेकू का?

घाई करू नका. आपली काळी माती बेसॉल्टच्या झिजेतून झालेली, आणि बेसॉल्टमध्ये तांबं, क्रोमियम, निकेल मुळातच ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त. तुमचा आकडा जगाच्या सरासरीशी ताडला असेल, तर तो जास्त दिसणारच. ताडायचा तो शेजारच्या, गाळ न पडलेल्या वावराशी. दोन्हीकडे त्या धातूचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढायला सांगा. धातू खडकातलाच असेल, तर गुणोत्तर जवळपास सारखं येतं. कारखान्याचा असेल, तर तो एकटाच वर चढलेला दिसतो. कोकणातल्या खाड्यांनाही सह्याद्रीच्या बेसॉल्टचीच माती मिळते, त्यामुळे तिथेही हीच गफलत होते. जर्मन शास्त्रज्ञ म्युलर यांनी १९६९ साली गाळातलं प्रदूषण मोजायला जो निर्देशांक मांडला, त्यात मूळ खडकाचा आकडा दीडपट धरतात तो याच नैसर्गिक चढउतारासाठी.

दुसरं म्हणजे, आपल्या मातीचा सामू ८ च्या आसपास. अशा मातीत शिसं, तांबं, कॅडमियम बहुतांशी जखडून राहतात, मुळांना सहज मिळत नाहीत. अपवाद हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा. ते अशा जमिनीत उलट मोकळं फिरतं. तलावाला मिळणारा नाला क्रोम प्लेटिंगच्या कारखान्याकडून येत असेल, तर ते वेगळं तपासून घ्या. एकूण क्रोमियमच्या आकड्यावरून ते कळत नाही.

अंबाजोगाईच्या एक भगिनी : आठवडी बाजारातून सुकट, बोंबील आणतो. त्यात पारा असतो का? शिजवल्यावर जातो का?

शिजवून जात नाही, धुऊन जात नाही, वाळवूनही जात नाही. गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल रूप करतात, ते लहान माशातून मोठ्या माशात चढत जातं. जपानच्या मिनामाता गावात १९५६ साली जो आजार उघडकीला आला, तो याच पाऱ्याचा. पण चढणीच्या टोकाला मोठी सुरमई, मुशी असते. सुकट, बोंबील थोडंच आयुष्य जगतात, त्यांच्यात पारा साचायला वेळच कमी. घरात कुणी गरोदर असेल, तर मोठे शिकारी मासे टाळा. सुकट मात्र आधी चाळणीवर चाळा, मग दोन-तीन पाण्यांनी धुवा. दाताखाली कचकचते ती किनाऱ्याची वाळू असते.

छत्रपती संभाजीनगरचा एक एम.एस्सी.चा विद्यार्थी : गाळाचा नमुना कसा घ्यावा?

प्लास्टिकची नळी ओल्या गाळात दाबून वर काढ. वरचा बोटभरही नसलेला थर तपकिरी दिसेल, खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्यांच्या वासाचा. त्या काळ्या थरात धातू गंधकाशी बांधलेले असतात. हवा लागली की बांधणी सुटू लागते, म्हणून थर वेगळे कर, पिशवीतली हवा काढ आणि पिशवी लगेच बर्फात ठेव. खाडी उपसायला निघालेल्यांनाही मी हेच सांगतो : काळा थर ढवळला की धातू परत पाण्यात.

आणि स्टीलचा चमचा नको. पहिल्या वर्षी मी तोच वापरला होता. निकेल आणि क्रोमियमचे आकडे पाहून खूश झालो, तर सरांनी आधी चमचा मागितला. पुढची ओहोटी धरून सगळे नमुने पुन्हा घेतले.