वाचक विचारतात : रोजच्या वाटेला एक फाटा

या महिन्यात बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडून आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे. दिवस कधी उगवतो आणि कधी मावळतो, कळत नाही, सगळं तेच ते वाटतं. त्यांतली सहा पत्रं निवडली आहेत. उत्तरांत मोठे बेत नाहीत. नोकरी, दुकान, स्वयंपाक सांभाळून उद्यापासून करता येईल आणि खिशालाही जड जाणार नाही, तेवढंच सांगितलं आहे.

प्रश्न : निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तिसऱ्या गेटजवळ राहतो. रोज सकाळी सहाला व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत दोन फेऱ्या, मग चहा, मग पेपर. आता फेऱ्यांचाही कंटाळा येतो. जागा बदलू का? (टिळकवाडी)

काका, जागा बदलायची घाई नको. एवढी जुनी झाडं घराजवळ असणं ही चैन आहे. आधी फेरीची दिशा उलटी करा. तीच वाट समोरून आली की चढ-उतार, ऊन-सावली, भेटणारी माणसं सगळं बदलतं. आठवडाभर एवढंच करा.

दुसऱ्या आठवड्यापासून दुसरी फेरी बंद करून ती वीस मिनिटं एका झाडाखाली बसा. झाड वड, पिंपळ किंवा उंबराचं असलं तर उत्तम, कारण फळं धरली की पक्षी तिथेच येतात. सुरुवात तांबटापासून करा. भांडी ठोकल्यासारखा एका लयीतला टुक-टुक-टुक आवाज म्हणजे तांबट. उन्हाळा जवळ येतो तसा तो वाढतो. हा पक्षी चिमणीपेक्षा थोडा मोठा आणि जाडसर असतो. अंग हिरवं, कपाळावर आणि गळ्याशी लाल ठिपका, डोळ्याभोवती पिवळं. आवाज इतका स्पष्ट येतो, तरी पक्षी सापडत नाही, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत लोक इथेच नाद सोडतात. याचं कारण असं की बोलताना तो मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज दर वेळी वेगळ्या बाजूने आल्यासारखा वाटतो. आवाजामागे धावू नका. झाडाच्या शेंड्याच्या निष्पर्ण, वाळक्या फांद्या एकेक करून बघा. सकाळच्या उन्हात तो तिथेच बसलेला असतो, आणि प्रत्येक ‘टुक’सरशी त्याचं अंग हलतं.

मोबाइल वापरत असाल तर मर्लिन हे मोफत ॲप आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवतं. भारताचा संच घरच्या वायफायवर आधी उतरवून घ्या, मग डेपोत नेटची गरज पडत नाही. ते सांगेल ते नाव खरंच धरू नका. पक्षी डोळ्यांनी दिसला तरच वहीत लिहा. महिन्याला चार पक्षी नीट ओळखता आले तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : लग्न होऊन चंदगडहून खानापूरला आले. बोलणं कसंबसं कळतं, पण बसची पाटी वाचता येत नाही, दर वेळी कुणाला तरी विचारावं लागतं. वय 38. आता कन्नड वाचायला शिकणं जमेल का? क्लासला जायला वेळ नाही. (खानापूर)

ताई, नक्की जमेल. मराठी वाचणाऱ्याला ही लिपी बाहेरून वाटते तेवढी परकी नाही. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे: अ आ इ ई, क ख ग घ. आपल्याला जीव की प्राण असलेला ‘ळ’ही तिथे आहे. एकूण 49 अक्षरं. रोज पाच म्हटली तर दहा दिवसांत सगळी हाताखालून जातात. पुढचा आठवडा बाराखडीला द्या. तिसऱ्या आठवड्यात पाट्या अडखळत का होईना लागायला लागतात. आपली मराठी घट्ट धरूनच हे करायचं आहे. शेजारची लिपी वाचता आल्याने आपली भाषा तसूभरही कमी होत नाही, उलट रोजची अडवणूक संपते.

वेळ काढू नका, असलेला वापरा. बसची वाट बघण्याची पंधरा मिनिटं त्यासाठी राखा. चौरेघी वही आणि पेन्सिल पिशवीत असू द्या. नुसतं बघून अक्षरं लक्षात राहत नाहीत, प्रत्येक दहा वेळा गिरवा. ‘अ’पासून सुरू करण्यापेक्षा आधी स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि घरच्यांची नावं लिहा. यातच पंधरा-वीस अक्षरं होतात आणि ती कायमची बसतात.

मराठी माणूस नेमका कुठे अडकतो, ते आधीच सांगून ठेवतो.

पहिलं, अनुस्वार. आपला डोक्यावर टिंब असतो, कन्नडचा अक्षराच्या पुढे, ओळीतच, शून्यासारखा गोल. गुंजी स्टेशनची पाटी बघा: आधी ‘गु’, मग गोल, मग ‘जि’. नवखा माणूस त्या गोलाला वेगळं अक्षर समजतो.

दुसरं, शेवटचा ‘अ’. आपण ‘राम’ लिहितो आणि म बंद करतो. कन्नडमध्ये तो ‘अ’ पूर्ण म्हणतात. म्हणून ‘बस’ लिहिताना ‘स’ला मुद्दाम पाय मोडल्याची खूण जोडलेली असते. ती खूण दिसली की अक्षर बंद करा, नाही तर उघडंच ठेवा.

तिसरं, रफार. तो कन्नडमध्ये अक्षराच्या डोक्यावर नसून मागून येतो. बसवरचा ‘कर्नाटक’ हा शब्द रोज डोळ्यांसमोर असतो. त्यात ‘ना’ आधी दिसतो आणि ‘र्’ची खूण त्याच्यानंतर. वाचताना मात्र ‘र्’ आधी म्हणायचा. या एका शब्दावर आठवडाभर सराव केलात तर रफाराचा गोंधळ कायमचा जातो.

चौथं, पोटाखालची चीर. ‘द’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात. ‘ध’च्या खाली छोटी उभी रेघ असते. ‘प’ला तशी रेघ दिली की ‘फ’ होतो. अशा जोड्या शेजारीशेजारी लिहून ठेवा. आणि ‘ए’, ‘ओ’ हे दोन्ही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत. हा भेद कानाला लगेच कळत नाही. पाटी वाचण्यापुरता तो चुकला तरी चालतो.

सरावाला सर्वांत चांगली जागा म्हणजे रेल्वे स्टेशन. पाटीवर गावाचं नाव कन्नडबरोबर देवनागरीतही असतं. देवनागरी तळहाताने झाका, कन्नड वाचा, मग हात काढून ताडून बघा. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा, एका फेरीत पाच पाट्या होतात. बोलायला सुरुवातीला दोन वाक्यं पुरेत: ‘एष्टु री?’ म्हणजे किती झाले, आणि ‘सावकाश हेळ्री’ म्हणजे हळू सांगा. ‘सावकाश’ हा शब्द इकडच्या कन्नडमध्येही चालतो, त्यामुळे तिथे जीभ अडखळणार नाही.

प्रश्न : भाज्या फिरून फिरून त्याच. मेथी, वांगं, बटाटा, फ्लॉवर. मुलं ताटावर बसायच्या आधीच नाक मुरडतात. (शहापूर)

दर आठवड्याला बाजारातून एकच अनोळखी पालेभाजी आणा, आणि तीही एकच पेंडी. तीन नव्या भाज्या एकदम आणल्या तर दोन फ्रिजमध्ये सुकतात. विकणाऱ्या मावशींना ‘ही कशी करता?’ एवढं विचारा. पिशवी भरेपर्यंत पाककृती मिळते.

पहिल्या आठवड्यासाठी आंबाडी घ्या. आपले कन्नडभाषक शेजारी तिला पुंडी पल्ले म्हणतात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर चवीने खातात. चार माणसांसाठी आंबाडीची एक मोठी पेंडी (पानं निवडून दाबून चार वाट्या), पाव वाटी तूरडाळ, पाव वाटी ज्वारीच्या कण्या, सहा-सात हिरव्या मिरच्या, बारा लसूण पाकळ्या, तीन चमचे तेल, हळद, हिंग, मीठ, आणि हवे तर मूठभर शेंगदाणे.

डाळ आणि कण्या अर्धा तास भिजवा, मग अडीच वाट्या पाण्यात मिरच्यांसकट कुकरला चार शिट्ट्या द्या. पानं वेगळ्या पातेल्यात पाच-सात मिनिटं उकळा. पाणी चाखा. फार आंबट लागलं तर ओतून द्या, बेताचं असलं तर ठेवा. लाल देठाची आंबाडी सहसा जास्त आंबट निघते. मग पानं डाळीत घालून पळीच्या पाठीने घोटा, मीठ-हळद घाला आणि मंद आचेवर दहा मिनिटं रटरटू द्या. लसूण तांबूस होईपर्यंत तळून वरून फोडणी द्या.

बिघडते ती बहुधा एकाच ठिकाणी: डाळ, कण्या आणि पानं सगळं एकदम कुकरला लावलं जातं. आंबटपणात डाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाणा कचकचतो. म्हणून डाळ आधी मऊ करायची, आंबट नंतर. आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नका, आंबटामुळे चव आणि रंग दोन्ही उतरतात. स्टील किंवा मातीचं भांडं चांगलं. दुसऱ्या दिवशी ही भाजी अधिक मुरलेली लागते, म्हणून थोडी उरवाच.

मुलांना ‘खाऊन बघ’ म्हणण्यापेक्षा पानं निवडायला बसवा. देठ मोडताना कोवळं पान तोंडात टाकलं की चिंचेसारखं लागतं, आणि नाक मुरडणं तिथेच अर्धं कमी होतं.

प्रश्न : कापडाचं दुकान आहे. सकाळी नऊ ते रात्री नऊ. नवीन काही करायला वेळच नाही. (निपाणी)

वेळ नाही हे मान्य. म्हणून दोनच गोष्टी सुचवतो. आठवड्यातून एकदा शेजारच्या दुकानदाराशी डबा बदला. वार ठरवून घ्या, घरी आदल्या रात्री सांगा, उपवास आणि सामिष-निरामिष आधी विचारा, तिखट बेताचं ठेवा. दुसरी गोष्ट, रात्री गल्ला मोजून झाला की जुन्या हिशेबवहीच्या कोऱ्या पानावर एक ओळ लिहा: आज असं काय पाहिलं किंवा ऐकलं, जे काल नव्हतं? एखाद्या गिऱ्हाईकाने रंगाला दिलेलं वेगळं नावही चालेल. ‘आज काही नाही’ हे मात्र लिहायचं नाही. पहिले चार दिवस काही सुचणार नाही, त्यानंतर दिवसभर नजर आपोआप शोधायला लागते.

प्रश्न : मी सगळं उत्साहाने सुरू करते. योगासनं झाली, विणकाम झालं, हार्मोनियमही आणली. आठव्या दिवशी सगळं बंद. माझ्यातच चिकाटी नाही का? (अनगोळ)

दोष चिकाटीचा नाही, मांडणीचा आहे. सामान आधी आणि सवय नंतर, असं झालं की सामानाचंच ओझं होतं. कपाटातली हार्मोनियम रोज टोचत राहते. पुढच्या वेळी पहिले पंधरा दिवस काहीही विकत घेऊ नका. उसनं आणा, किंवा घरात आहे त्यावर भागवा.

मुदत ठरवा. अमावस्येला सुरू करा, पौर्णिमेला संपवा. दिनदर्शिकेवर दोन्ही दिवसांना खूण करा. संपण्याचा दिवस डोळ्यांसमोर असला की मधल्या कंटाळ्यातून माणूस निभावतो. पौर्णिमेला मनाला विचारा, अजून पंधरा दिवस हवं का? नको असेल तर बिनधास्त सोडा. ठरल्या दिवशी सोडणं म्हणजे हरणं नव्हे.

नवी गोष्ट रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला बांधा. ‘संध्याकाळी करीन’ हे वचन टिकत नाही, ‘दूध तापत ठेवलं की करीन’ हे टिकतं. कारण दूध रोज तापवावंच लागतं. वेळही दूध वर येईपर्यंतच, म्हणजे सात-आठ मिनिटं. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. त्या दुप्पटीच्या धास्तीनेच तिसरा दिवस बुडतो, आणि तुमचा आठवा दिवस बहुधा असाच आला असेल.

प्रश्न : रविवारी मुलांना घेऊन मॉलखेरीज कुठे जावं? गाडी नाही, खर्च बेताचा हवा. (वडगाव)

अर्धा दिवस असेल तर आपला बेळगावचा किल्लाच. आपण त्याच्या बाजूने शेकडो वेळा जातो, आत शिरून बघत नाही. आतली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 सालची, रट्टांच्या राजवटीतली. मंडपात मुलांना पाठीवर निजवून वर बघायला सांगा, छतातलं दगडी कमळ तसंच नीट दिसतं. मान वर करून बघितलं की अर्ध्या मिनिटात मान अवघडते आणि पोरं पळतात. जमिनीवर अंथरायला चादर न्या, आणि देवळात पूजा चालू असेल तर थांबा. जवळच्या रामकृष्ण आश्रमातही जा, 1892 साली स्वामी विवेकानंद बेळगावला आले होते.

पूर्ण दिवस असेल तर जांबोटीमार्गे कणकुंबी. मलप्रभा तिथे उगम पावते. मुलांना माउलीच्या देवळाजवळचं ते पाणी दाखवा आणि सांगा की हेच पाणी पुढे खानापुरातून वाहत सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात अडतं, आणि 304 किलोमीटर जाऊन कुडलसंगमला कृष्णेला मिळतं. निघण्याआधी घरच्या नकाशावर बोटाने ती रेघ काढून ठेवली असेल तर प्रश्न मुलंच विचारतात.

ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ चांगला. जून ते सप्टेंबर तिथे पाऊस कोसळतो आणि जळवा फार. जावंच लागलं तर मिठाची पुरचुंडी जवळ ठेवा, जळू ओढून काढू नका, मीठ टाकलं की सुटते. पायवाट दिसली म्हणून रानात शिरू नका, भीमगड अभयारण्याचा भाग जवळ आहे आणि अस्वलं आहेत. भाकरी, चटणी, पाण्याची बाटली घरूनच न्या. आणि कणकुंबीला उतरताना, पाय जमिनीवर टेकण्याआधी, परतीची शेवटची बस किती वाजता ते कंडक्टरला विचारून घ्या. त्या वाटेला बस कमी आहेत.