वाचकांचे प्रश्न : फ्रान्सिस हायलंड, आकाशवाणी आणि रंगमंचावरचा आवाज

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही कॅनडाच्या अभिनेत्री फ्रान्सिस हायलंड यांचा ओझरता उल्लेख केला होता. मी दरवर्षी गावच्या जत्रेतील नाटकात भूमिका करते, कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत दोनदा उतरले आहे आणि गेल्या वर्षी आकाशवाणीच्या पणजी केंद्राची ऑडिशन उत्तीर्ण होऊन 'बी' श्रेणीची नाट्यकलाकार झाले. आमच्या दिग्दर्शकांचे मत असे, की रेडिओवर काम केल्याने आवाज लहान होतो आणि रंगमंचावरची फेक जाते. घरची मंडळी म्हणतात, टीव्हीवर दिसलीस तरच लोक ओळखतील. हायलंड यांनी ही माध्यमे कशी सांभाळली, ते सविस्तर सांगाल का?
— एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : तुमच्या दिग्दर्शकांची भीती अगदीच निराधार नाही, म्हणून आधी हायलंड यांच्या कारकिर्दीचा क्रम सांगतो आणि मग त्या भीतीकडे येतो.

फ्रान्सिस हायलंड यांचा जन्म १९२७ साली सस्कॅचवान प्रांतातील शॉनव्हन या लहानशा गावी झाला. गहू पिकवणारा, नजर पोहोचेल तिथवर सपाट असा तो मुलूख. व्यावसायिक नाट्यसंस्था आसपास कुठे नव्हती. मॅनिटोबा विद्यापीठात शिकून त्या लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या नाट्यशाळेत गेल्या आणि १९५० मध्ये तिथल्याच व्यावसायिक रंगभूमीवर टेनेसी विल्यम्स यांच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या नाटकातील स्टेलाच्या भूमिकेत उभ्या राहिल्या. लंडनमध्ये जम बसत असतानाच दिग्दर्शक टायरोन गथ्री यांचे बोलावणे आले आणि १९५४ साली त्या कॅनडाला परतल्या. उच्चार, श्वास आणि शब्दफेक यांची बैठक आधी रंगमंचावर पक्की झाली आणि इतर माध्यमे त्या बैठकीवर आली, हा क्रम ध्यानात ठेवावा. जत्रेच्या नाटकांनी तुमचीही बैठक तशीच घातली आहे.

त्या परतल्या तो देश नाटकाच्या दृष्टीने कसा होता, हे कळल्याशिवाय त्यांच्या पिढीच्या अभिनेत्रींची कारकीर्द समजत नाही. पूर्व किनाऱ्यापासून व्हँकुव्हरपर्यंत हजारो किलोमीटरचा पसारा, वस्ती विरळ, हिवाळा दीर्घ, आणि वर्षभर पगार देऊ शकेल अशी नाट्यसंस्था जवळजवळ नाहीच. कलेला सरकारी अनुदान देणारी कॅनडा कौन्सिल १९५७ मध्ये स्थापन झाली. त्याआधी नटनटींची चूल पेटती ठेवली ती रेडिओने. कॅनडाचे सार्वजनिक प्रसारण मंडळ, म्हणजे सीबीसी, १९३६ मध्ये सुरू झाले आणि १९४४ पासून निर्माते अँड्र्यू ॲलन यांनी टोरॉंटोहून 'स्टेज' ही नाट्यमालिका प्रसारित करायला सुरुवात केली. रविवारी रात्री देशभरातील घरांत एकाच वेळी एकच नाटक ऐकले जाई. ते आधी ध्वनिमुद्रित केलेले नसे. नट हातात संहितेचे कागद घेऊन माइकभोवती उभे राहत, लुसिओ अगोस्टिनी यांचा वाद्यवृंद त्याच वेळी वाजे, आणि चुकलेला शब्द परत घेण्याची सोय नव्हती. कॅनडाचे अभ्यासक रेडिओलाच त्या काळातील आपले राष्ट्रीय नाट्यगृह म्हणतात, ते याच कारणाने.

या रेडिओपर्वाच्या आधारस्तंभांपैकी एक म्हणजे जेन मॅलेट (१८९९–१९८४). त्या हायलंड यांच्या आधीच्या पिढीतल्या. आज त्यांचे नाव निघते ते बहुधा टोरॉंटोच्या सेंट लॉरेन्स सेंटरमधील नाट्यगृहामुळे, कारण ते नाट्यगृह त्यांच्या नावाने ओळखले जाते. माझ्या मनात त्यांच्याविषयी अधिक आदर आहे तो दुसऱ्या कामासाठी : अडचणीत सापडलेल्या कलावंतांना मदत करणारा 'ॲक्टर्स फंड ऑफ कॅनडा' १९५८ मध्ये उभा राहिला, तो उभारण्यात त्या पुढे होत्या. टोरॉंटोच्या रेडिओ कलावंतांनी आपली संघटना १९४३ मध्येच बांधली होती. रेडिओ ही फावल्या वेळची हौस नसून पोटापाण्याचा व्यवसाय आहे, हे त्या मंडळींनी इतक्या लवकर ओळखले, याचे मला आजही कौतुक वाटते.

आता हायलंड यांच्या रंगमंचाकडे येऊ. ऑन्टारिओ प्रांतातील स्ट्रॅटफर्ड या गावी १९५३ साली शेक्सपियर महोत्सव सुरू झाला, तोही मोठ्या तंबूत. पक्के नाट्यगृह १९५७ मध्ये बांधले गेले. तिथला रंगमंच प्रेक्षकांत पुढे घुसलेला आहे आणि प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसतात. जवळपास १,८०० आसनांचे ते गृह, पण शेवटचा प्रेक्षकही रंगमंचापासून ६५ फुटांहून दूर नसतो. हायलंड यांनी १९५४ मध्ये जेम्स मेसन यांच्यासमवेत इझाबेला, पुढल्या वर्षी पोर्शिया, १९५७ मध्ये ख्रिस्तोफर प्लमर यांच्या हॅम्लेटसमोर ऑफेलिया आणि १९५९ मध्ये 'ऑथेल्लो'मधील डेस्डिमोना अशा शेक्सपियरच्या नाटकांतील भूमिका तिथे केल्या. वीस वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच महोत्सवात 'ऑथेल्लो'चे दिग्दर्शन त्यांच्याकडे आले. एके काळी ज्या नाटकात डेस्डिमोना म्हणून प्राण सोडले, ते संपूर्ण नाटक आता त्यांना बांधायचे होते.

अशा रंगमंचावर नटाची पाठ नेहमीच कोणाकडे तरी वळलेली असते. चेहरा दिसत नसलेल्या प्रेक्षकापर्यंत अर्थ पोहोचवायचा, तर तो शब्दांतूनच पोहोचवावा लागतो, आणि माइकपुढे उभ्या असलेल्या नटीला दुसरे काही करताच येत नाही. रेडिओ आणि रंगमंच यांचे नाते मला इथे दिसते.

तुमच्या दिग्दर्शकांना माझ्या वतीने एक गोष्ट सुचवून पाहा. आपल्या जत्रेच्या रंगमंचावर पूर्वी फक्त नटाचा गळा होता, आज वर चार-पाच माइक टांगलेले असतात. पालखी फिरून नाटक सुरू होईपर्यंत मध्यरात्र उलटते, बाहेर खाजेवाल्यांची दुकाने गजबजलेली असतात, आणि नट मंडळी नकळत माइकखाली येऊन थांबतात व तिथेही पूर्वीच्याच पट्टीत ओरडतात. आवाज फाटतो, शब्द विरतात, आणि देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला गोंगाट तेवढा ऐकू येतो. रेडिओवर काम केलेल्या नटीला माइकपासून किती अंतर ठेवावे, 'प' आणि 'फ' उच्चारताना तोंड किंचित कसे वळवावे, श्वास वाक्यात कुठे लपवावा, हे ठाऊक असते. ते ज्ञान जत्रेच्या रंगमंचाला हवे आहे. दिग्दर्शकांच्या म्हणण्यातला खरा भाग एवढाच, की सहा महिने केवळ श्रुतिकाच केल्या तर फुप्फुसांची सवय मोडते. त्यासाठी स्टुडिओतील काम चालू असतानाही आठवड्यातून दोन दिवस मोकळ्या जागेत, लांब बसलेल्या माणसाला ऐकू जाईल असा उतारा म्हणण्याचा सराव ठेवावा.

प्रश्न : हायलंड यांनी एका नाटकात कॅनडातील मूलनिवासी तरुणीची भूमिका केली, असे वाचले. त्या स्वतः गोऱ्या होत्या. ही निवड योग्य होती का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ते नाटक म्हणजे जॉर्ज रायगा यांचे 'द एक्स्टसी ऑफ रिटा जो'. नोव्हेंबर १९६७ मध्ये ते व्हँकुव्हर प्लेहाउसने रंगमंचावर आणले. कॅनडा संघराज्याच्या शताब्दीचे ते वर्ष. सर्वत्र उत्सव चालू असताना शहरात आलेल्या एका मूलनिवासी मुलीचा न्यायालयापासून मृत्यूपर्यंतचा प्रवास या नाटकाने लोकांसमोर मांडला. तिच्या वडिलांची भूमिका चीफ डॅन जॉर्ज यांनी केली. ते स्वतः त्स्लेल-वॉटुथ या मूलनिवासी समाजाचे प्रमुख राहिलेले होते. रिटा जो मात्र हायलंड झाल्या.

माझे मत स्पष्ट आहे : आज ही भूमिका मूलनिवासी अभिनेत्रीलाच मिळायला हवी, आणि पुढे मूलनिवासी अभिनेत्रींनी ती केलीही. काही जण यावर आपल्याकडील दशावताराचा दाखला देतात, की तिथे पुरुष स्त्रीचा वेश घेतोच. तो दाखला इथे लागू पडत नाही. ज्या समाजाचे दुःख रंगमंचावर मांडले जात आहे त्याच समाजाच्या मुलींना नाट्यशाळेचे दार बंद असणे, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. तरीही हायलंड यांच्या कामाला मी कमी लेखणार नाही. ज्या प्रेक्षकांनी या विषयाकडे पाठ फिरवली असती, त्यांना त्यांच्यासारख्या मान्यवर नटीने नाट्यगृहात बसवून ऐकायला लावले. १९६९ मध्ये ओटावा येथे नॅशनल आर्ट्स सेंटर हे नाट्यगृह सुरू झाले, तेव्हाही हे नाटक तिथे झाले. चीफ डॅन जॉर्ज यांना या भूमिकेने जी ओळख दिली, तिच्या मागोमाग त्यांच्या चित्रपटांतील मोठ्या भूमिका आल्या. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत आणि त्या तशाच सांगायला हव्यात.

प्रश्न : फोंड्याच्या भगिनींचा प्रश्न तुम्ही मला आधी दाखवला, म्हणून विचारते. टीव्हीचे काय? तिथला अभिनय खालच्या दर्जाचा असतो का?
— एक वाचक भगिनी, मडगाव

उत्तर : नाही. सीबीसीचे टीव्ही प्रसारण १९५२ मध्ये सुरू झाले, तेव्हा रेडिओत आणि रंगमंचावर मुरलेली नटमंडळीच तिकडे गेली आणि सुरुवातीची नाटके थेट प्रक्षेपित होत असल्याने त्यांची तालीमही रंगमंचाइतकीच कसून होई. केट रीड या हायलंड यांच्या समकालीन अभिनेत्रीचे उदाहरण बोलके आहे. आर्थर मिलर यांच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'मधील लिंडा त्यांनी १९८४ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, डस्टिन हॉफमन यांच्यासमवेत केली आणि १९८५ च्या टीव्ही आवृत्तीतही तीच भूमिका केली. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारे तेच दुःख कॅमेऱ्यापुढे डोळ्यांच्या कडांत आणून ठेवावे लागते.

हायलंड यांना घरोघरी ओळख मिळाली ती मात्र उतारवयात, १९९० मध्ये सुरू झालेल्या 'रोड टू ॲव्हनली' या मालिकेतील मुलांना सांभाळणाऱ्या, कडक शिस्तीच्या दाई लुइझा बँक्स या भूमिकेमुळे. फोंड्याच्या भगिनींच्या घरच्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. परंतु ती ओळख मिळाली तेव्हा त्यांच्यामागे रंगभूमीची चाळीस वर्षे होती, हेही त्यांना सांगावे. १९९४ मध्ये त्यांना गव्हर्नर जनरलचा जीवनगौरव मिळाला आणि २००४ च्या जुलै महिन्यात टोरॉंटो येथे त्यांचे निधन झाले.

मालिकेचा भाग हाती लागला तर दोघीही तो दोनदा पाहा : पहिल्यांदा पडद्याकडे पाठ करून केवळ ऐका, दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा. लुइझाबाई खोलीत आल्याचे दोन्ही वेळा कशामुळे कळले, ते लिहून काढा आणि मला पाठवा.