वाचकांचे प्रश्न : बसलेला अकिलीस ‘चपळ पायांचा’ कसा?

प्रश्न : ‘इलियड’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात अकिलीस हा वीर रागावून जहाजांपाशी नुसता बसून असतो, तरीही कवी त्याला ‘चपळ पायांचा’ म्हणतो. ही होमरची चूक समजावी काय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : चूक नव्हे. याचा उलगडा मिल्मन पॅरी (१९०२–१९३५) या अमेरिकन अभ्यासकाने १९२८ मध्ये पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात केला. ओळीच्या शेवटी थोडी जागा उरली की ‘दिव्य अकिलीस’ आणि अधिक उरली की ‘चपळ पायांचा अकिलीस’, अशी विशेषणे प्रसंगाच्या अर्थापेक्षा वृत्ताच्या मापाने येतात, हे त्याने ओळीन् ओळ तपासून दाखवले. असे तयार शब्दबंध तोंडी रचणाऱ्या गायकाच्या कामाचे असतात, हे पुढे त्याच्या ध्यानी आले. शाहीर राम जोशींच्या गावच्या वाचकाला हे नवल वाटू नये.

मला स्वतःला पॅरीचे पुढचे काम अधिक मोलाचे वाटते. ग्रंथालयात न थांबता तो १९३३ मध्ये आणि पुन्हा १९३४-३५ मध्ये युगोस्लाव्हियात गेला आणि गुस्लेवर तोंडी रचून गाणाऱ्या गायकांची गाणी त्याने ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर मुद्रित केली. गुस्ले म्हणजे तुणतुण्यासारखेच एका तारेचे वाद्य; मात्र ती तार घोड्याच्या केसांची असते व गजाने वाजवतात. अवदो मेजेदोविच या निरक्षर गायकाकडून तेथे उतरवून घेतलेले एक काव्य १२,००० ओळींहून मोठे भरले. परतल्यावर काही महिन्यांतच, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी, पिस्तुलाची गोळी लागून पॅरीचा मृत्यू झाला. अर्धवट राहिलेले काम त्याचा साहाय्यक अल्बर्ट लॉर्ड याने पुढे नेले.